नेटवर्कपासून तोडलेल्या लिनक्स मशीनवरच्या प्रोग्रामला पीसीआय कार्ड (मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारे कार्ड) थेट हाताळू देण्यासाठी यूआयओ पुरेसे आहे का, की व्हीएफआयओच हवे?

पुरेसे नाही. यूआयओ आणि व्हीएफआयओ या दोन्ही, साध्या प्रोग्रामला हार्डवेअर थेट हाताळू देणाऱ्या लिनक्सच्या सोयी आहेत. कार्ड स्वतःहून मेमरीत लिहीत असेल, म्हणजे त्यात डीएमए असेल, तर यूआयओच्या वाटेला जाऊ नये. व्हीएफआयओ वापरावे आणि बायोसमध्ये आयओएमएमयू, म्हणजे कार्डाला मेमरीचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारे हार्डवेअर, चालू करून घ्यावे. मशीन नेटवर्कला जोडलेले नाही, त्यावर एकच प्रोग्राम चालतो, आणि अशा ठिकाणी सुरक्षिततेचा खटाटोप करून वेग कशाला घालवायचा असे आपले वरिष्ठ म्हणतात, हे आपण लिहिले आहे. नेमका हाच युक्तिवाद मी नाशिकमध्ये, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी करताना पुन्हा पुन्हा ऐकला आहे आणि त्याचे परिणाम निस्तरलेही आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आम्ही स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी उपकरणे) तपासण्याचे टेस्ट बेंच बनवत असू. सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात विजेचे साहित्य बनवणारे कारखाने पुष्कळ असल्यामुळे या कामाला तोटा नव्हता. बेंचमधले कार्ड विद्युतप्रवाहाचे सेकंदाला एक लाख नमुने घेई आणि ते डीएमएने थेट औद्योगिक पीसीच्या मेमरीत टाकत असे. कार्डाबरोबर आलेला ड्रायव्हर लिनक्सच्या फार जुन्या कर्नलसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) लिहिलेला होता, म्हणून आमच्या तांत्रिक प्रमुखांनी यूआयओवर बसणारे एक छोटे मॉड्यूल तयार केले. कार्डाची रजिस्टरे (त्याला हुकूम देण्याच्या जागा) प्रोग्रामला मॅप करून द्यायची, इंटरप्ट, म्हणजे कार्डाचा इशारा, आला की त्याला कळवायचे, आणि नमुन्यांसाठीचा बफर मेमरीत जखडून ठेवून त्याच्या पेजेसचे (४०९६ बाइटच्या तुकड्यांचे) फिजिकल ॲड्रेस प्रोग्रामनेच शोधून कार्डाला सांगायचे, अशी ती रचना होती. त्यासाठी प्रोग्राम रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून चालवावा लागे. प्रोग्राम मध्येच कोसळला तर कार्डाला थांबवणार कोण, असे मी पहिल्याच बैठकीत विचारले होते. “अहो मॅडम, मशीन कुलपात असते, तिथे कोण हॅकर येणार आहे?” असे उत्तर मिळाले आणि विषय तिथेच संपला.

हॅकर कधीच आला नाही, पण ग्राहकाकडे चाचण्यांचे निकाल साठवणारी एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल अधूनमधून खराब होऊ लागली. आधी एसएसडीला दोष दिला गेला आणि ती बदलली. मग रॅमवर संशय आला आणि रात्रभर मेमरी टेस्ट चालवली, ती निर्दोष निघाली. त्यानंतर वसाहतीतल्या विजेच्या चढउताराकडे बोट दाखवून झाले. शेवटी मी खराब झालेली एक फाइल मागवून घेतली आणि हेक्स एडिटरमध्ये उघडली. फाइलच्या मधोमध बरोबर ४०९६ बाइटचा एक तुकडा असा होता की त्यात टेबल, मजकूर, तारखा यांपैकी काहीच नव्हते. नुसते सोळा-बिटी आकडे हळूहळू चढत आणि हळूहळू उतरत होते. ते आलेखावर काढले तेव्हा स्वच्छ साइन लहर उमटली. एका पेजमध्ये २०४८ नमुने मावतात, म्हणजे आमच्या वेगाने २०.४८ मिलिसेकंद, आणि ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. त्या तुकड्यात बरोबर एक पूर्ण लहर आणि पुढच्या लहरीची सुरुवात होती. ग्राहकाच्या निकालांच्या फाइलमध्ये आमच्या कार्डाने मोजलेला प्रवाह लिहिला गेला होता.

कारण सरळ होते. प्रोग्राम कोसळला की कर्नल त्याची मेमरी काढून घेतो, मग ती जखडलेली असो वा नसो, आणि मोकळी झालेली पेजेस दुसऱ्या कामाला लावतो. कार्डाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याचे बस मास्टरिंग, म्हणजे स्वतःहून मेमरीत लिहिण्याची मुभा, कोणी बंद केलेले नसते, त्याला सांगितलेला फिजिकल ॲड्रेस अजून तोच असतो, आणि ते इमानेइतबारे तिथे लिहीत राहते. दरम्यान त्या पेजवर निकालांची फाइल येऊन बसली आणि पुढे तशीच डिस्कवर गेली. जमीन खंडाने कसायला दिली म्हणून कोणी सातबारा हातात देत नाही. यूआयओच्या या पद्धतीत मात्र कार्डाला आख्ख्या मेमरीचा सातबारा मिळतो.

यूआयओला मी वाईट म्हणत नाही. ते २००७ मध्ये २.६.२३ या कर्नलबरोबर आले ते मुख्यतः साध्या औद्योगिक कार्डांसाठी, ज्यांना काही रजिस्टरे आणि एखादा इंटरप्ट एवढेच असते. तेवढ्यासाठी ते आजही उत्तम आहे. डीएमएवर लक्ष ठेवण्याची सोय त्यात मुळातच नाही. डीएमए करणाऱ्या उपकरणांसाठी हा ड्रायव्हर असुरक्षित आहे, ही गोष्ट कर्नलमधल्या यूआयओ-पीसीआय-जेनेरिकच्या सोर्समध्ये टिप्पणी म्हणून स्पष्ट लिहून ठेवलेली आहे. ती आपल्या वरिष्ठांना वाचायला द्यावी.

व्हीएफआयओ २०१२ मध्ये ३.६ कर्नलमध्ये आले. प्रोग्राम इथेही रजिस्टरे थेट वाचतो-लिहितो, इंटरप्ट त्याला इव्हेंटएफडीवर (कर्नलकडून सूचना मिळण्याच्या फाइलवर) मिळतात, पण बफरचा फिजिकल ॲड्रेस त्याला कधीच कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. ‘माझ्या मेमरीचा हा तुकडा कार्डाला या ॲड्रेसवर दिसू दे’ एवढीच विनंती तो करतो. कर्नल ती पेजेस जागेवर जखडतो आणि आयओएमएमयूच्या तक्त्यात नोंद करतो. नोंद नसलेल्या ॲड्रेसवर कार्डाने लिहायचा प्रयत्न केला तर हार्डवेअरच तो अडवते. प्रोग्राम कोसळला की त्याच्या फाइली बंद होतात आणि त्याबरोबर कर्नल कार्डाचे बस मास्टरिंग बंद करतो, शक्य असेल तर कार्ड रीसेट करतो, आणि मगच पेजेस मोकळी सोडतो. मी त्या बैठकीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. शिवाय प्रोग्रामला रूट असण्याची गरज राहत नाही. कार्ड ज्या ग्रुपमध्ये येते त्याच्या व्हीएफआयओ फाइलची मालकी साध्या युजरकडे द्यावी आणि त्याची मेमलॉक (मेमरी जखडण्याची) मर्यादा बफरला पुरेल इतकी वाढवावी, की काम होते.

बेंच व्हीएफआयओवर आणल्यानंतर जे दिसले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कर्नलच्या लॉगमध्ये डीएमएआरची, म्हणजे आयओएमएमयूने अडवलेल्या लेखनाची, फॉल्ट नोंद येऊ लागली. तिच्यात कार्डाचा बस क्रमांक आणि त्याने नको तिथे लिहायचा प्रयत्न केलेला ॲड्रेस, दोन्ही होते. तो ॲड्रेस बफरच्या टोकाच्या लगेच पुढचा होता. कुठे किती लिहायचे हे कार्डाला सांगणाऱ्या फिरत्या यादीच्या, म्हणजे रिंगच्या, शेवटच्या नोंदीत (डिस्क्रिप्टरमध्ये) लांबी जास्त भरली जात होती, आणि ती चूक आधीच्या रचनेत कोणालाही न दिसता शेजारच्या पेजवर लिहीत आली होती. दुपारच्या जेवणाआधी नोंद पाहिली आणि संध्याकाळी कोड दुरुस्त झाला. बंद खोलीतल्या मशीनला धोका बाहेरून येत नसेल, पण आपल्याच कोडमधल्या चुका त्याच खोलीत असतात. आयओएमएमयू त्या चुका अडवतेच, शिवाय कोठे झाल्या हेही दाखवते. हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही माझे तेच ठाम मत आहे.

वेगाबद्दल आपण विचारले आहे. प्रोसेसर कार्डाची रजिस्टरे वाचतो तेव्हा आयओएमएमयू मध्ये येतच नाही, त्यामुळे तिथे काही गमवायचे नसते. खर्च होतो तो मॅपिंग करण्यात आणि काढण्यात, म्हणून बफर सुरुवातीला एकदाच मॅप करावा आणि शेवटपर्यंत तोच वापरावा. बफर मोठा असेल तर २ मेगाबाइटची ह्यूजपेजेस घ्यावीत, म्हणजे आयओएमएमयूच्या ॲड्रेस-रूपांतराच्या कॅशवरचा ताण कमी होतो. हे केल्यावर आमच्या कामात तरी फरक जाणवला नाही. आपले कार्ड सेकंदाला किती डेटा टाकते हे आपण लिहिलेले नाही, त्यामुळे आपल्या बाबतीत आकडा सांगणे योग्य होणार नाही, मोजूनच पाहावे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. परवानगी एकट्या कार्डाची मिळत नाही, आयओएमएमयू ग्रुपची, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या न करता येणाऱ्या कार्डांच्या गटाची, मिळते. एकाच ग्रुपमध्ये आपले कार्ड आणि मशीनचे नेटवर्क कार्ड आले, तर नेटवर्क कार्डही कर्नलच्या ड्रायव्हरकडून सोडवावे लागते. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहावे. ग्रुप जबरदस्तीने फोडणारे, एसीएस ओव्हरराइड नावाचे कर्नलचे पॅच मात्र लावू नयेत, कारण कार्डे आपसात परस्पर बोलू शकणार नाहीत याची हमीच त्याने निघून जाते. दुसरे म्हणजे, व्हीएफआयओ मेमरीचे रक्षण करते, माणसांचे नाही. प्रोग्रामने चुकीच्या रजिस्टरमध्ये लिहून रिले चालू ठेवला, तर कर्नल त्याला अडवणार नाही. त्यासाठी वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की यंत्रणा थांबवणारा टायमर) आणि पॅनेलवरचा इंटरलॉक (धोक्याच्या वेळी वीज तोडणारी सोय) स्वतंत्रच हवा.

आणि बोर्डावर आयओएमएमयू नसेल, तर वरिष्ठ कदाचित व्हीएफआयओचा नो-आयओएमएमयू मोड सुचवतील. त्यात नाव व्हीएफआयओचे असले तरी संरक्षण यूआयओइतकेच राहते, आणि म्हणूनच तो वापरताच कर्नल स्वतःला टेन्टेड, म्हणजे भरवसा न उरलेला, म्हणून नोंदवतो. त्यापेक्षा व्हीटी-डी (इंटेलचे आयओएमएमयू) किंवा एएमडी-व्हीआय (एएमडीचे) असलेला बोर्ड मागवावा, आणि खरेदीची ऑर्डर निघण्यापूर्वी तो पर्याय त्याच्या बायोसमध्ये खरोखर चालू करता येतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.