महान्यायवादी कोण, महाधिवक्ता कोण?

प्रश्न असा आहे: ‘केंद्राच्या वतीने महाधिवक्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली’ हे वाक्य बरोबर आहे का?

नाही. महाधिवक्ता, म्हणजेच ॲडव्होकेट जनरल, राज्याचा असतो. संविधानाच्या १६५व्या अनुच्छेदानुसार त्याला राज्यपाल नेमतात. महाराष्ट्राला एक, गोव्याला एक. केंद्राचा सर्वोच्च विधी अधिकारी म्हणजे महान्यायवादी, म्हणजेच ॲटर्नी जनरल. त्याची नेमणूक ७६व्या अनुच्छेदाखाली राष्ट्रपती करतात. देशातल्या कोणत्याही न्यायालयात त्याला बाजू मांडता येते. मंत्री नसूनही तो संसदेच्या दोन्ही सभागृहांत बोलू शकतो, मत मात्र देऊ शकत नाही.

बातम्यांत खरा घोळ होतो तो तिसऱ्या पदापाशी. सॉलिसिटर जनरल हे पद संविधानात नाहीच. त्याच्या सेवाशर्ती १९८७च्या नियमांत आहेत. महान्यायवादीच्या खालोखाल तोच केंद्राचा वकील. त्याला मराठीत ‘महान्यायअभिकर्ता’ म्हणतात, पण शब्द जिभेवर बसत नाही, म्हणून घाईत ‘महाधिवक्ता’ लिहिलं जातं. शिवाय कायद्याच्या मराठीत अभिकर्ता म्हणजे एजंट. मुंबईतल्या सॉलिसिटरांच्या जुन्या पेढ्या पक्षकाराचे कागद तयार करून देत आणि न्यायालयात युक्तिवाद दुसरा वकील करी. तिथे हा अर्थ जुळतो. पण भारताचा सॉलिसिटर जनरल तर स्वतः उभा राहून युक्तिवाद करतो! माझ्या मते सरळ ‘सॉलिसिटर जनरल’ लिहावं.

या गोंधळाला थोडा इतिहासही आहे. ब्रिटिशकालीन १९३५च्या भारत सरकार कायद्यात केंद्राचा आणि प्रांताचा, दोन्ही अधिकारी ॲडव्होकेट जनरलच होते. वेगळी नावं आली १९५०मध्ये. सी. के. दफ्तरी यांनी तर तिन्ही पदं भूषवली: आधी मुंबईचे महाधिवक्ता, मग देशाचे पहिले सॉलिसिटर जनरल आणि १९६३ ते १९६८ महान्यायवादी. त्यांच्याविषयी लिहिताना पदनाम चुकलं तर काळच बदलतो.

आजही हा फरक नुसता कागदावरचा नाही. न्यायालयाच्या अवमानाची फौजदारी कारवाई एखाद्या नागरिकाला सुरू करायची असेल, तर सर्वोच्च न्यायालयासाठी महान्यायवादी किंवा सॉलिसिटर जनरल यांची लेखी संमती लागते, उच्च न्यायालयासाठी महाधिवक्त्याची. बातमीतल्या चुकीच्या पदनामावर विसंबून अर्ज केला, तर तो भलत्याच कार्यालयात जाईल.