एमएस्सी प्राणिशास्त्र झालेल्या मुलीने रोगांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत कोणता विभाग निवडावा?

विभाग तुम्हाला माहीतच आहेत: विषाणूशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, साथरोगशास्त्र, निदान, लस. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "कीटकशास्त्र सोडून सांगा, डास-गोचिडी पकडण्यात कसलं संशोधन?" म्हणून लिहायला बसले. मी त्याच कामात नऊ वर्षं काढली.

2017 च्या फेब्रुवारीत आम्ही चौघं सिंधुदुर्गातल्या बांद्याकडच्या काजूच्या बागांत होतो. माकडतापाचा, म्हणजे गोचिडींतून पसरणाऱ्या विषाणूतापाचा हंगाम. रानात माकडं मरून पडत होती आणि बागेत गेलेली माणसं तापाने फणफणत होती. काठीला पांढरं फडकं बांधायचं, पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचं, दहा पावलांवर उलटून बघायचं. मोहरीएवढ्या, कधी खसखशीएवढ्या गोचिडी चिकटलेल्या असतात. चिमट्याने एकेक उचलून कुपीत टाकायची, कुपीवर गाव, बाग, तारीख लिहायची. पँट मोज्यांत खोचलेली, अंगाला तेल चोपडलेलं, आणि संध्याकाळी काखा, कंबर, कानामागे स्वतःला तपासायचं.

एका बागेच्या मालकीणबाई फडक्यावर वाकून म्हणाल्या, "माझ्या झिलाक ह्याच चावला काय गो?" त्यांचा मुलगा दवाखान्यात होता. मला तेव्हा काही सांगता आलं नाही.

पुण्याला आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली जाती वेगळ्या केल्या. माकडताप मुख्यतः हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीची गोचीड पसरवते, आणि ती लहान असताना तिच्या बहिणींपासून वेगळी ओळखणं हे डोळ्यांत पाणी आणणारं काम आहे. जात, गाव, वाढीची अवस्था बघून गोचिडींचे पूल, म्हणजे एकत्र तपासायचे गट केले, ते विषाणू आहे का बघायला पीसीआर चाचणीला गेले. त्या बागेचा पूल पॉझिटिव्ह आला. कुठल्या बागांत माणसांनी जाऊ नये हे आरोग्य खात्याला आमच्या कुप्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून कळलं. तोवर बाईंचा मुलगा बरा होऊन घरी आला होता.

त्याच वर्षी गणपतीत थोरले दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "गोचिडी वेचायला एमएस्सी कशाला लागते?" सासूबाईंकडे बघून मी गप्प बसले. भाऊजी, लागते. याच माकडतापाने 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली तेव्हा पहिली शंका पीतज्वराची होती. पीतज्वर पसरवतो डास. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या, म्हणजे आजच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) माणसांनी विषाणू शोधला आणि तो गोचिडींत सापडला. ते झालं नसतं तर सगळे डासांमागे धावत राहिले असते. ज्याला आपल्या कुपीत कुठली जात आहे हे सांगता येत नाही, त्याला कितीही महागडं सीक्वेन्सिंगचं, म्हणजे जनुकांचा क्रम वाचणारं यंत्र द्या, त्यातून निघालेल्या आकड्यांना अर्थ नाही.

तेव्हा मुलीला प्राणिशास्त्र मनापासून आवडत असेल तर कीटकशास्त्रच घेऊ द्या. रोगप्रतिकारशास्त्राच्या दारात बायोटेकवाल्यांची रांग आहे. जाती ओळखणारी माणसं निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागी कोणी येत नाही.

मात्र एक आहे. प्रकल्पावरची नोकरी कंत्राटी असते, प्रकल्प संपला की तीही संपते. माझे दोनदा मधले काही महिने बिनपगारी गेले. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवून पीएचडीला गेली तर हा त्रास पुष्कळ कमी होईल. औषध कंपनीत जायचं असेल तर रोगप्रतिकारशास्त्र बरं, हेही मान्य करते.

ठरवण्याआधी कुंडीखालच्या ताटलीतल्या डासांच्या अळ्या तिला भिंगाखाली धरायला सांगा. शेपटीकडची श्वासनळी आखूड आणि जाड ती एडिसची, लांब आणि बारीक ती क्युलेक्सची. तासभर तिने मान वर केली नाही, तर अर्ज कुठे भरायचा ते तुम्हाला कळेल.