रेघ हाताची हवी

बाळा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मागचा सगळा कलकलाट ऐकू येत होता. दिवाळीला कॉलेजच्या दारात तुम्ही दहा जणी मोठी रांगोळी घालणार. बाकीच्यांनी ठरवलंय की प्रोजेक्टरने चित्र फरशीवर पाडायचं, खडूने गिरवायचं आणि आत रंग भरायचे. तू म्हणालीस, ‘बाई, वेळ वाचेल, पण मला कसंतरीच वाटतंय.’ वाटायलाच हवं. रेघ हाताची हवी.

गालिचा रांगोळीत रंग आधी येतात, हे मला नको सांगूस. चाळणीने रंग पसरायचे आणि वरून पाच बोटांनी पांढरी सोडायची, हे मीच शिकवलंय तुला. पण ती पांढरी रेघ पडेपर्यंत खाली नुसते रंगाचे डाग असतात. रेघच उसनी आणलीस तर त्यात तुझं काय उरलं? गोलासाठी दोरी खुशाल वापर. पाकळी मात्र बोटांतूनच उतरायला हवी.

आमच्या आजीकडे कोकणात भाताचं तूस जाळून रांगोळी करत. पुढे शिरगोळ्याची, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडाच्या भुकटीची मिळू लागली. आजी ती चिमटीत घेऊन बघायची. फार बारीक असली तर परत पाठवायची, कारण रवाळ असेल तरच बोटांतून सरसर सुटते. मला ती १५ ते ८ ठिपके घालायला लावायची, मधल्या ओळीत १५ आणि दोन्हीकडे एकेक कमी होत ८. १६९ ठिपके! भोकं पाडलेला कागद घरात असून त्याला हात लावू द्यायची नाही. मधली ओळ जरा तिरकी गेली की पुसून पुन्हा. मी रडायचे. बोटांना अंतर कळायला लागलं ते त्या रडण्यातच.

आणि तरीही मी घसरले. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आमच्या गटाने पत्र्याचे छाप आणले, मी गप्प बसले. पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांपैकी एका आजोबांनी माझ्यासमोर रांगोळीची वाटी धरली आणि म्हणाले, ‘शेजारी एक कमळ काढ बघू.’ साधं आठ पाकळ्यांचं. चौथ्या पाकळीला माझा हात अडला. वर्षभर मी रेघ ओढलीच नव्हती. ते काही न बोलता पुढे गेले.

पुढच्या वर्षी मी छाप नाकारले. गट फुटला. जिवलग मैत्रीण तुटली, ती कायमची. हट्टी म्हणाले मला. असेन. माझ्या एकटीपायी सगळ्यांचं काम अडलं, हे मला दिसत होतं. पण तेव्हा नमले असते तर पुढे इतकी वर्षं तुमच्या चिमटीत रांगोळी कोणत्या तोंडाने दिली असती? मी बरोबरच होते. फक्त त्या कमळाची गोष्ट मी मैत्रिणीला कधी सांगितली नाही. नुसतं ‘नाही’ म्हणून उठले. ती चूक माझी.

म्हणून तू गट सोडू नकोस, आणि फोनवर मुळूमुळू रडूही नकोस. रेघ हाताची हवी, हे त्यांना सांग, आणि का हवी तेही सांग. माझी गोष्ट सांगितलीस तरी चालेल.

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना घेऊन ये. अंगण गेरूने सारवून ठेवते. दोन किलो पांढरी आणा, रवाळ बघून. रंग आणू नका.

तुझ्या बाई