जुन्या फोनवर फुकट ऑफलाइन नकाशा: ऑरगॅनिक मॅप्सच का?

वडिलांचा जुना फोन आहे, अँड्रॉइड ५.१, १ जीबी रॅम, सिम नाही. ट्रेकला आणि गाडीत नकाशासाठी कुठलं फुकट ॲप टाकू, असं विचारलंय तुम्ही. सरळ ऑरगॅनिक मॅप्स टाका.

सिमची काळजी सोडा. जीपीएस थेट उपग्रहांकडून चालतं, त्याला रेंज लागत नाही. एवढंच की नेट असलं की फोन उपग्रहांची माहिती पटकन ओढून घेतो. नेट नसलं की तीच उपग्रहांकडून हळूहळू येते, आणि सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून निघण्याआधी फोन उघड्या आभाळाखाली पंधरा मिनिटं नुसता ठेवून द्या. "जीपीएस बिघडलंय" म्हणणारे बरेच जण तेवढा धीर धरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

ऑस्मअँड या दुसऱ्या ऑफलाइन नकाशा ॲपमध्ये सोयी जास्त, पण १ जीबी रॅमवर नकाशा सरकवताना अडकतो. शिवाय प्ले स्टोअरवरच्या फुकट आवृत्तीत सातच नकाशे उतरवता येतात. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या दुकानातल्या आवृत्तीला ती अट नाही. फोन जरा दणकट असता तर तीच सुचवली असती. गूगलचा उतरवलेला नकाशा गाडीला ठीक, पण नेट नसताना तो चालण्याचा रस्ता सांगत नाही. म्हणजे गडावर उपयोग शून्य.

ऑरगॅनिक मॅप्समध्ये जाहिराती नाहीत, नकाशे उतरवून ठेवता येतात, कंटूर रेषा (चढउतार दाखवणाऱ्या समान उंचीच्या रेषा) आहेत, मित्राने पाठवलेली जीपीएक्स फाइलही (नोंदवलेल्या वाटेची फाइल) उघडते. खिरेश्वरहून तोलार खिंड चढून आम्ही हरिश्चंद्रगडाच्या पठारावर आलो तेव्हा धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता. पायाखाली मळलेली वाट होती, पण स्क्रीनवर आमचा बाण नकाशातल्या पायवाटेच्या तुटक रेषेपासून डावीकडे सरकत चालला होता. थांबलो, मागे फिरलो. शंभरेक पावलांवर खरा फाटा सापडला. आम्ही धरली होती ती ढोरवाट.

उलटंही होतं, हे मात्र मनापासून सांगतो. ऑस्मअँड काय, ऑरगॅनिक काय, नकाशा मुळात ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांनी भरलेला. तुटक रेष दिसली म्हणून वाट पावसाळ्यात जाण्याजोगी असेलच असं नाही. पायथ्याच्या गावात विचारल्याशिवाय चढू नका.

निघायच्या आदल्या दिवशी घरीच एअरप्लेन मोड लावा, लोकेशन चालू ठेवा आणि ओळखीच्या रस्त्यावर चक्कर मारून बघा. एखादा नकाशा उतरवायचा राहिला असेल तर तिथेच कळेल. जुनी बॅटरी स्क्रीनच आधी खाते, तेव्हा उजेड कमी ठेवा, फाट्यावरच स्क्रीन लावा आणि पॉवर बँक सोबत घ्या. फोनचं मॉडेल कळवलंत तर मेमरी कार्डावर नकाशे कसे हलवायचे तेही सांगतो.