घरी थांबलेल्या आईचं काय?

नाशिकच्या एक वाचक लिहितात: "आमचा 27 वर्षांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी बाइक अपघातात गेला. तेव्हापासून ह्यांनी त्याचं नावही घेतलेलं नाही. भाच्याने 'द वे' हा सिनेमा दाखवला आणि आता ह्यांना गणपती झाले की स्पेनला जाऊन 800 किलोमीटर चालायचंय, एकट्याने. रोज पहाटे मुलाच्या ट्रेकच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून फिरून येतात. त्या सॅकची तुटलेली चेन मीच बसवून आणली. नणंद म्हणते, चालायचंच आहे तर वारीला जा. माझे गुडघे गेलेत. पितृपक्षात मी इथे एकटी बसू? अडवू का ह्यांना?"

ताई,

अडवू नका. पण राग गिळूही नका, तो रास्त आहे.

सिनेमा मी पाहिलाय. 2010 चा, एमिलिओ एस्तेवेझचा. बापाच्या भूमिकेत त्याचे सख्खे वडील मार्टिन शीन आणि गेलेल्या मुलाच्या भूमिकेत तो स्वतः. कामिनो दे सांतियागो म्हणजे स्पेनमधल्या सांतियागो शहराकडे जाणारी ख्रिस्ती यात्रेकरूंची पायवाट. तिच्यावर, फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज डोंगरात, सुरुवातीलाच मुलगा वादळात सापडून जातो. कॅलिफोर्नियातला डोळ्यांचा डॉक्टर असलेला बाप, टॉम, त्याला आणायला फ्रान्सला पोचतो, तिथेच दहन करवतो आणि रक्षेची पेटी मुलाच्याच सॅकमध्ये घालून चालू लागतो. ह्यांचा जीव त्या सॅकपाशी का अडकला, ते समजतं. पण टॉमची बायको आधीच वारलेली आहे. "मला सोडून कुठे निघालात?" असं विचारणारं त्याच्या घरी कोणी नाही. पटकथेला ते सोयीचं होतं. तुमच्या घरात ती सोय नाही.

चालण्यानेच टॉम सावरतो, हेही मला पटत नाही. आधी तो तोंडाला कुलूप लावूनच चालतो. वजन कमी करायला आलेला डच माणूस, सिगारेट सोडायला आलेली कॅनडाची बाई, लिखाण अडलेला आयरिश लेखक, ही मंडळी त्याला नको असताना चिकटतात. एका रात्री दारू पिऊन तो त्यांना वाट्टेल ते बोलतो, पोलीस उचलून नेतात, आणि त्यानंतर कुठे जरा सैल पडतो.

नणंदबाईंशी वाद घालू नका. दिंडीत गावाकडचं कोणीतरी भेटणार आणि "कसं झालं हो?" विचारणार, याचीच ह्यांना धास्ती असेल. तिकडे तरी कुठे सुटका आहे! "तुम्ही का चालताय?" हे कामिनोवर जो तो विचारतो. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते एखाद्या परक्याला मुलाचं नाव सांगतील. दोन वर्षं तुम्ही ज्याची वाट बघताय, ते त्या परक्याला आयतं मिळेल. हे तुम्हाला लागणार.

म्हणून ते जाण्याआधीच सुरुवात करा. पहाटे त्यांच्याबरोबर निघा, गुडघे साथ देतील तेवढंच, पहिल्या बाकापर्यंत. समोर बसवून "बोला" म्हणालात तर उठून जातील. शेजारी चालता चालता तुम्हीच मुलाचा विषय काढा. ती चेन त्याने कशी तोडली होती, एवढाही पुरे. ते गप्प राहतील. दुसऱ्या दिवशी परत काढा. महिनाभराने तुम्हालाच असह्य झालं, तर तुमच्यासाठी समुपदेशक गाठा. त्यांच्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी. या सगळ्यात तुमची विचारपूस कोणी केलेली दिसत नाही.

आणि तुम्ही मुळीच जाऊ शकत नाही, असं नाही. त्याच वाटेवरच्या सरिया गावाहून सांतियागो साधारण 115 किलोमीटर. सामान पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या गाड्या मिळतात, टॅक्सीही मिळते. त्या टप्प्यात जमेल तेवढं चाला, नाहीतर थेट सांतियागोला भेटा. शेवटचे किमान 100 किलोमीटर चालणाऱ्याला सांतियागोचं यात्रेकरू कार्यालय प्रमाणपत्र देतं, आणि दिवंगताच्या वतीने चाललो असं सांगितलं तर त्यावर त्याचंही नाव घालतात. ते कोणाच्या हातात पडावं, हे ह्यांनी एकट्याने ठरवायचं नाही.

तारखेवर मात्र अडून बसा. तिथी दोघांनी मिळून करा, पितृपक्ष संपू दे, मग निघू दे त्यांना. सांतियागोच्या आसपास, गॅलिसिया प्रांतात, पाऊस लागेल, लागू दे. फक्त पिरेनीजचा डोंगरातला रस्ता 1 नोव्हेंबरला बंद होतो, त्याआधी तो टप्पा व्हायला हवा. स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अपॉइंटमेंटला वेळ लागतो, तेव्हा ही बोलणी आत्ताच करा.