न दुखणारा फोड आणि मोबाइलवरचा फोटो

प्रश्न : आम्ही दिंडोरी तालुक्यात राहतो. आईला (वय ६१) बारा वर्षांपासून मधुमेह आहे. तिच्या नडग्यांवर तपकिरी डाग आहेत, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि चार दिवसांपूर्वी टाचेवर फोड आला आहे, पण तो दुखत नाही. प्रत्येक वेळी नाशिकला तज्ज्ञांकडे जाण्यात द्राक्षबागेतला अख्खा दिवस मोडतो. फोटो पाठवून उपचार घेतले तर चालेल का?

उत्तर : डागांसाठी आणि चिखल्यांसाठी चालेल, फोडासाठी चालणार नाही, आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. टाचेवर फोड येऊनही तो दुखत नसेल, तर मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्याची शंका घ्यावी लागते. फोटोत लाली, पू, काळपटपणा दिसतो. तळव्याला स्पर्श कळतो की नाही आणि घोट्यामागची नाडी लागते की नाही, हे मात्र प्रत्यक्ष हात लावूनच कळते. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून स्पर्शाची तपासणी दोन मिनिटांत होते. तेव्हा उद्याच जा. ताप, पू किंवा पसरणारी लाली असेल तर आजच. फोड घरी फोडू नका आणि पाय गरम पाण्यात बुडवू नका, कारण बधिर पायाला चटका कळत नाही.

नडगीवरचे डाग बहुधा निरुपद्रवी असतात. चिखल्यांवर दुकानातून आणलेले स्टेरॉइड-मिश्रित मलम लावत असाल तर थांबवा. खाज शमते, पण बुरशी आतून पसरते.

पुढच्या फेऱ्या मात्र नक्की कमी करता येतील. गावच्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य मिळतो. साखर पाहणारे डॉक्टर, त्वचारोगतज्ज्ञ आणि जखम बांधणारी परिचारिका यांनी एकच फाइल पाहिली पाहिजे, नाहीतर एकाने दिलेले स्टेरॉइड दुसऱ्याच्या नकळत साखर वाढवते, हे मी अनेकदा पाहिले आहे. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, शेजारी मोजपट्टी ठेवून, एक लांबून आणि एक जवळून असा काढावा.

उद्या जाताना तीन महिन्यांतला एचबीए१सी (रक्तातील सरासरी साखरेचा) अहवाल न्याच, पण आईंच्या रोजच्या चपलाही पिशवीत टाका. टाचेला घासणारी शिवण अनेकदा तिथेच सापडते.