सेलूच्या ताईंना उत्तर: आधी बोर्डवरचं नाव वाचा, मग रॅम

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सेलूला तुमचं डीटीपी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. कॉम्प्युटर जुना: एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य चिप) मदरबोर्ड, आय५-३४७० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क आणि ‘४५० वॅट’ छापलेला बिननावाचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. सर्व्हरमधून काढलेल्या १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर४ (डीडीआर म्हणजे रॅमचा प्रकार, आकडा त्याच्या पिढीचा) रॅम स्वस्तात मिळतायत, त्या घ्याव्यात का. याच कॅबिनेटमध्ये बाराव्या जनरेशनचा प्रोसेसर बसेल का. आणि उरलेल्या जुन्या सामानातून दुकानाच्या फायली ठेवायला घरी सर्व्हर उभा राहील का. रॅमवाला रविवारपर्यंतच थांबतोय म्हणालात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ती रॅम घेऊ नका. हे मी पैसे घालवून शिकलोय. काही वर्षांपूर्वी परभणीहून सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला गेलो होतो, तिथून अशाच दोन रॅम आणल्या. घरी आल्या आल्या बोर्डात बसवल्या. खाच बरोबर जुळली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन लागल्या. बटण दाबलं तर पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी. रात्री दोन वाजेपर्यंत मी रॅम काढून खोडरबरने घासत होतो, बॅटरी काढून बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डमधला प्रोग्राम) रीसेट करत होतो, एसएमपीएस बदलून बघत होतो. सकाळी उजेडात रॅमवरचा कागद नीट वाचला तेव्हा कळलं. ‘पीसी४-२४००टी’ च्या पुढे डॅश होता आणि त्यानंतर इंग्रजी ‘आर’. तो आर म्हणजे रजिस्टर्ड. सर्व्हरच्या रॅममध्ये मधोमध एक वेगळी चिप असते, प्रोसेसरकडून येणारे पत्ते आणि आज्ञा आधी ती घेते आणि पुढे बाकीच्या चिपांना देते. आपल्या घरच्या बोर्डांना ही पद्धत चालतच नाही. त्यांना लागते ‘यू’ अक्षराची, म्हणजे अनबफर्ड, मधली चिप नसलेली. ‘ई’ असेल तर अनबफर्डच, पण चूक दुरुस्त करणारी ईसीसी. ‘एस’ असेल तर लॅपटॉपची. जुन्या डीडीआर३ वर हेच अक्षर आकड्याला चिकटून येतं, ‘पीसी३-१२८००यू’ असं. विकणाऱ्याकडून त्या कागदाचा फोटो मागवा. अक्षर दिसेल असा फोटो द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

शिवाय तुमच्या एच६१ वर डीडीआर४ बसणारच नाही. तो बोर्ड डीडीआर३ चा, खाचच वेगळ्या जागी. त्यात दोन स्लॉट, एकेका स्लॉटला जास्तीत जास्त ८ जीबी, एकूण १६.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. खरेदीची सुरुवात रॅम, प्रोसेसर किंवा हार्डडिस्कपासून करू नका, बोर्डपासून करा. कॅबिनेटचं झाकण उघडा, मोबाइलचा टॉर्च लावा. प्रोसेसर आणि स्लॉटांच्या मधल्या जागेत मोठ्या अक्षरांत बोर्डचं नाव छापलेलं असतं आणि कोपऱ्यात बारीक ‘रेव्ह’ लिहून आवृत्ती असते. दोन्हींचा फोटो काढा. कंपनीच्या साइटवर त्या नावाचं पान उघडलं की चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी मिळते आणि प्रत्येकासमोर कोणत्या बायोसपासून तो चालेल तेही दिलेलं असतं. दुकानदाराच्या ‘बसतंय की’ पेक्षा त्या यादीवर विश्वास ठेवा.

नुसत्या सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) आकड्यावर तर कधीच जाऊ नका. इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनचं सॉकेट ११५१ पिनांचं, आठव्या-नवव्याचंही ११५१ पिनांचंच. प्रोसेसर बोर्डात बसतो, पण एच११० या सहाव्या-सातव्यासाठीच्या चिपसेटवर आठव्या जनरेशनचा चालू होत नाही. पुढे १२०० पिनांचं सॉकेट आलं, दहाव्या आणि अकराव्या जनरेशनसाठी, पण त्यातला एच४१० चिपसेट अकरावी घेत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर अनेक वर्षांचे रायझन प्रोसेसर बसतात, पण जुन्या बायोसवर नवा रायझन टाकला तर स्क्रीन काळी, आणि बायोस अपडेट करायला जुना प्रोसेसर शोधत फिरायची पाळी येते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बाराव्या जनरेशनचा प्रोसेसर तुमच्या बोर्डात बसणार नाही. तुमचं सॉकेट ११५५ पिनांचं, त्याचं १७०० पिनांचं. जुन्या मशीनमधून कॅबिनेट, कीबोर्ड, मॉनिटर एवढंच पुढे जाईल. पंखाही नाही, कारण ११५५ च्या कूलरची भोकं एकमेकांपासून ७५ मिलिमीटरवर असतात आणि १७०० ची ७८ वर. तीन मिलिमीटरनं काय होतंय म्हणून दाबून बसवलेला पंखा मी पाहिलाय, बोर्ड वाकला होता. प्रोसेसर खोक्यातला घ्या, त्यात पंखा येतो. ट्रेमधला सुटा घेतला तर पंख्याचे वेगळे पैसे.

तरीही नवीन मशीन घ्याच, असं मी म्हणेन. विंडोज १० चं नेहमीचं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं. तुमचा प्रोसेसर तिसऱ्या जनरेशनचा. लोकांचे आधार, बँक पासबुक, उत्पन्नाचे दाखले तुमच्याकडे स्कॅन होतात, त्या मशीनवर सुरक्षेचे अपडेट बंद झालेले असणं बरं नाही.

तुमच्या कामाला आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड पुरे. नावापुढे ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका. त्यात ग्राफिक्स नसतं आणि वेगळं कार्ड घ्यावं लागतं. रायझनमध्येही ५६०० ला ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे. एच६१० बोर्ड डीडीआर४ चेही येतात आणि डीडीआर५ चेही, दिसायला सारखेच. बिल करायच्या आधी खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. रॅम १६ ची एक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं आणि जोडी असली की त्याला दुप्पट वाट मिळते.

डीटीपीवाल्यांकडून हमखास राहून जाणारी गोष्ट आता. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं, ३२-बिट ड्रायव्हर त्यात चालत नाहीत. तुमचा जुना स्कॅनर, मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (सॉफ्टवेअर चालायला किल्लीसारखा लावायचा तुकडा), डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर त्याचा जाडा समांतर पोर्ट, हे सगळं आधी कागदावर लिहून काढा आणि एकेकाचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का ते बघा. मानवतच्या एका दुकानात नवीन मशीन बसवून दिली आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला, लग्नपत्रिकांच्या दहा वर्षांच्या फायली उघडत नाहीत म्हणून. डोंगलचा ड्रायव्हर जुना होता. तेव्हापासून मी जुनी हार्डडिस्क कधीच पुसत नाही. काढून, नाव लिहून, कपाटात ठेवायला सांगतो. तुम्हीही महिनाभर तरी तसंच करा.

एसएमपीएसचा कागद वाचा. ‘४५० वॅट’ सोडा, +१२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिलेत ते बघा. बिननावाच्या एका डब्यावर मी १४ वाचले होते. बारा गुणिले चौदा, १६८ वॅट. आजची मशीन जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेते, त्यामुळे त्या डब्याची खरी ताकद तेवढीच. चांगल्या ४५० वॅटवर हा आकडा ३५ च्या आसपास असतो. इथे पैसे वाचवू नका.

आणि आपल्याकडे वीज हासुद्धा मशीनचा एक पार्टच समजा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात ना? एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळायला कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर अर्धा व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, उभा राहतो. करंट अगदी थोडा, माणसाला फक्त चुरचुरतं, पण तोच करंट यूएसबीच्या वायरीतून प्रिंटरमध्ये आणि एचडीएमआयमधून मॉनिटरमध्ये जातो आणि पोर्ट मारतो. काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग झकास असतं आणि एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळली की तेच अर्थिंग नावापुरतं उरतं. मल्टिमीटरनं प्लगमधला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत असला तर ठीक.

यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅटचा, तुमच्या मशीन आणि मॉनिटरला भरपूर. त्यावर लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स लावू नका, त्यांचा हीटर एका झटक्यात यूपीएस पाडतो. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचं बटण ‘यूपीएस’ वर ठेवा. चांगला एसएमपीएस लाईट गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, त्याच्या आत इन्व्हर्टरनं सूत्रं घेतली पाहिजेत.

तिसरा प्रश्न, घरचा सर्व्हर. जुनी मशीन यासाठी उत्तम आहे. त्यात डीडीआर३ च्या ‘यू’ वाल्या ४-४ च्या दोन रॅम टाका, लहान सॅटा (डिस्क बोर्डला जोडायची नेहमीची पद्धत) एसएसडीवर डेबियन किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम बसवा. एच६१ ला सॅटाचा वेग ३ गिगाबिटच मिळतो, तरी हार्डडिस्कपेक्षा कितीतरी बरा. एनव्हीएमई, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान एसएसडी, घेऊ नका. त्याला जागा नाही, आणि कार्डावर बसवली तरी इतका जुना बोर्ड त्यावरून बूट होत नाही. ‘एम.२’ (हे पट्टीच्या आकाराचं नाव) लिहिलेल्या सगळ्या एसएसडी एनव्हीएमई नसतात, काही आतून सॅटाच असतात, हे नवीन मशीनसाठी घेतानाही बघा.

लॅनचा पोर्ट मात्र तपासा. एच६१ च्या स्वस्त बोर्डांवर तो कधीकधी १०० मेगाबिटचाच असतो. मग ५०० जीबीचा बॅकअप न्यायला बारा तास लागतात. छोट्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये गिगाबिटचं कार्ड टाकलं की तेच काम दीड तासात होतं, पण वायर आठही तारांची हवी.

४ टीबीची हार्डडिस्क घेताना तिच्या माहितीपत्रकात सीएमआर (ट्रॅक सुटे असलेली) आहे का बघा. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या फायलींना चालून जातं, डिस्कांची जोडी करून रेड (दोन्हींवर एकच माहिती एकदम लिहायची पद्धत) लावलं की रखडतं. सर्व्हरमधून काढलेल्या ‘सास’ (वेगळ्या जोडणीच्या) डिस्कही स्वस्त दिसतील, त्या साध्या सॅटा वायरीला लागत नाहीत.

एका कॅबिनेटमध्ये दोन डिस्क म्हणजे बॅकअप झाला असं धरू नका. आमच्या गल्लीच्या डीपीवर एकदा न्यूट्रल तुटला. घराघरांत २३० च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्टेज गेला. आधी बल्ब पांढरेफटक झाले, मग टीव्ही फुटल्याचे आवाज. त्या दिवशी एका मशीनमधल्या दोन्ही डिस्क एकदमच गेल्या. तिसरी प्रत एक्स्टर्नल डिस्कवर, आठवड्यातून एकदा, आणि काम झालं की वायर काढून कपाटात.

मशीन रात्रंदिवस चालू राहिली आणि सरासरी ४० वॅट घेतले तर दिवसाला साधारण एक युनिट. बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय असतो, तो लावा. बोर्डवरचा सीआर२०३२ सेलही नवीन टाका, नाहीतर लाईट गेली की हा पर्यायही विसरला जातो.

तर ताई, रॅमवाल्याला आजच नाही कळवा. वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या, खड्डा कोरडा पडला असेल तर त्यात पाणी सोडून परत मोजायला सांगा. मग तो आकडा, बोर्डच्या नावाचा फोटो आणि एसएमपीएसच्या कागदाचा फोटो इथे टाका. बोर्ड आणि रॅमचं नेमकं मॉडेल ते बघून सांगतो.